चकचकीत दाणे

वहिनीबाईंना अख्खी गल्ली गमतीनं ‘जंतूंची आई’ म्हणायची, आणि ते खरंच होतं. मागच्या खोलीत गुळाच्या पाण्यावर त्या पिंपभर जिवाणू पोसायच्या, विरजण राखावं तसे. भुईमूग फुलावर आला की ते पाणी मुळाशी द्यायचं. चांगले जिवाणू आधीच ठाण मांडून बसले की विषारी बुरशीला पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यांचा दाणा आजवर तपासणीत नापास झाला नव्हता. त्याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

दीर म्हणजे उंटावरचा शहाणा. एका दुपारी ओंजळभर शेंगदाणे घेऊन आला. कसे चकचकीत!

“वहिनी, एक हिरवा ठिपका दाखवा, मिशी उतरवतो!”

“हिरवा? हिरवा कशाला असेल?”

“अहो, गोदामात पोती भिजली होती, दाणे हिरवेगार झालेले. तुमचं पाणी शिंपडलं, उन्हात वाळवले. बुरशी पार गायब! मानलं बुवा तुम्हाला.”

वहिनीबाईंनी त्याच्या ओंजळीतला एक दाणा उचलून उजेडात धरला. अरे देवा, या माणसाला म्हणावं तरी काय! जिवाणूंनी बुरशी हटवली असेल, पण तिनं दाण्यात सोडलेलं विष थोडंच हटतं? विहिरीत विष टाकणारा पळाला म्हणून पाणी गोड होत नाही. त्या विषाला ना वास, ना चव. भाजूनही ते जात नाही, आणि पोटात गेलं की थेट यकृत पोखरतं. हिरवं होतं तोवर निदान डोळ्यांना कळत तरी होतं. आता त्यांच्याच जिवाणूंनी ती खूण पुसली होती.

“पोती कुठायत?”

“गोदामातच. एक तेवढं घरात दिलंय, बाळाच्या खाण्यासाठी. झाला की महिना.”

लेक बाळाला घेऊन माहेरी आली होती. वहिनीबाई तशाच स्वयंपाकघरात धावल्या. लेक नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि पुढ्यातली वाटी चाटूनपुसून रिकामी.

“ते दाणे देऊ नकोस त्याला!”

“अगं, का? काका म्हणाले, आईच्या औषधाचे आहेत. एरवी मी एकेक दाणा निवडते, एवढासा डाग दिसला तरी टाकते. हे आल्यापासून निवडायचंच सोडलं बघ.” तिनं बाळाचं तोंड पुसलं. “हल्ली जरा मलूल असतो ना, म्हणून दोन चमचे कूट जास्तच देते.”

वहिनीबाईंनी नातवाला उचलून खिडकीशी नेलं आणि बोटानं त्याची पापणी खाली ओढली. डोळ्यातला पांढरा भाग पिवळा पडला होता.