वाकडं बाशिंग

माझा संशय पहिल्यापासून फुलावरच होता. फुला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, नागूची बायको. ती घरात आली आणि दोन वर्षांत माझ्या बायकोची, केशरची उजवी भुवई फुगून वर आली, डोळा खाली दबून पुढे आला. फुला रोज कसला तरी पाला वाटून तिथे लेप लावायची. कसला पाला, असं विचारलं की नुसती हसायची. मला ते हसणं खपलं नाही. एक दिवस गाव जमतं त्या मांडावर, सगळ्यांसमोर, मी तिला चेटकीण म्हणालो. नागू मान खाली घालून बसला. फुला तशीच उठून अणशीला माहेरी गेली.

लेप थांबला, पण डोळा पुढे यायचा थांबला नाही. मी म्हटलं, आता माहेरी बसून करणी करतेय.

शेवटी सुप्याला बेळगावचा डॉक्टर आला होता, त्याला दाखवलं. त्याने भुवईवर अंगठा दाबून पाहिला.

"डोळ्याच्या खोबणीचं हाड वाढतंय," तो म्हणाला. "दहा-बारा वर्षं, हळूहळू. बेळगावला येऊन तासून घेतलं तर नजर राहील. उशीर नको."

"बारा वर्सं कशी? फुला येऊन चारच झाली!" मी भांडायलाच उठलो.

केशर म्हणाली, "आवो, लग्नात माझं बाशिंग एका अंगानं वर ऱ्हात हुतं. तुमीच हसला न्हवं?"

हसलो होतो. बारा वर्षांपूर्वी, प्लेगच्या साली, भर मांडवात. फुला तेव्हा घरात आलीही नव्हती.

"फुला संगं आल्याबिगर मी बेळगावला जायची न्हाई," केशर म्हणाली.

अणशीला जाऊन फुलापुढे हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "भावजी, मांडावर बोल्लासा. मांडावरच माघारी घ्या."

फुला आणि केशरला घेऊन मांडावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. हाड, डॉक्टर, बाशिंग. चुकलो म्हणालो, रडलोसुद्धा. गावचा म्हातारा प्रमुख कान्हू शेजाऱ्याकडे झुकून म्हणाला, "बगा, ह्याच्यावर बी केलंन तिनं."

लोक फुलापासून दोन पावलं मागे सरले. मी शपथा घेतल्या, ओरडलो. जितका ओरडलो, तितकी त्यांना माझी कीव आली.

फुलाने केशरचा हात धरला. "चल अक्का, गाडी थांबलीया," म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.