ज्याचं काम, त्याची सही

हुपरीच्या राजमतीबाईंचा पैंजणांचा नवा कारखाना नटूनथटून तयार होता. दारात तोरण, पॉलिशच्या यंत्रांना हार, आणि कामाच्या बायका कधी एकदा बटण दाबतोय म्हणून उतावीळ! अडलं होतं ते वीजकामाच्या दाखल्यावरच्या एका सहीवर. आणि सही म्हणजे उदयसिंहाच्या डाव्या हातचा मळ. शिवाजी पेठेत त्याचं वीजकामाचं दुकान, परवाना त्याच्या नावावर. मग वायरिंग कुणीही करो, अर्थिंग कुणीही पुरो, दाखल्यावर सही त्याचीच. "विश्वासावर धंदा चालतोय," असं म्हणायचा. असे विश्वासू आपल्यातही पुष्कळ आहेत की!

त्यानं पेन काढलं, तोच त्याची सुपरवायझर निशिगंधा आडवी आली.

"दादा, थांबा. तपासणी माझ्याकडं हाय, ती अजून व्हायचीय. आणि वायरिंग तुम्ही केलंय व्हय?"

"सम्राटनं केलंय. अर्थिंग गणपतरावांनी. सगळी आपलीच माणसं न्हवं?"

"मग आपल्या माणसांनी आपापल्या कामाखाली सही करू दे की!"

"अगं, पावणं दारात आल्यात!" उदयसिंहाचा पारा चढला. "माझी सही काय खोटी हाय?"

"खोटी न्हाय, पण न बघता केलेली हाय. एकानं सगळ्याचं ओझं घेतलं की बाकीचे मोकळे. मोकळा माणूस मागं वळून बघत न्हाय, दादा."

हे त्याला चांगलंच झोंबलं. रागारागानं त्यानं कागद सम्राटपुढं सरकवला. हा वायरमन एरवी तोंडाचा फटाकडा. पण पेन हातात येताच सही करायचं सोडून मागच्या भिंतीकडं बघू लागला.

"अर्थिंगची तार मी भिंतीबाहेर काढून ठेवलीय," तो चाचरत म्हणाला. "पुढं गणपतरावांनी जोडली असंल."

"मी?" गणपतराव उडालेच. "मी अर्थिंगची पट्टी खड्ड्यातनं वर काढून ठेवली. जोडायचं काम वायरमनचं!"

सगळे मागच्या अंगाला धावले. गवंड्यानं बसवलेली फरशी उचकटली आणि बघतात तर काय! तार एकीकडं, पट्टी दुसरीकडं, मध्ये वीतभर माती!

उदयसिंह खाली वाकून ती माती चाचपू लागला. "आरं देवा! ह्या बायका पॉलिशच्या पाण्यानं ओल्या फरशीवर उभ्या ऱ्हाणार हुत्या. यंत्रात करंट उतरला असता तर? मी सहीनंच त्यांचा जीव घेतला असता!"

"मुहूर्त जाऊ दे," राजमतीबाई ठामपणे म्हणाल्या. "माझ्या कामाच्या बायका जित्या ऱ्हायल्या पाहिजेत."

सम्राटनं जोड मारला आणि "हा जोड माझा" म्हणून नाव घातलं. गणपतरावांनी खड्ड्याच्या कामाखाली सही केली. निशिगंधानं सगळं तपासून मग आपली केली. उदयसिंहानं सर्वांत शेवटी पेन उचललं, तेही तिच्यासोबत एकेक जागा स्वतः बघून!

मंडळी, जबाबदारी वाटून घेणं म्हणजे झटकणं नव्हे. सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच उरत नाही. ज्याचं काम त्याचं नाव हवं, आणि दोन कामांच्या मधल्या जोडालाही एक नाव हवंच! तुमच्या घराच्या वीजकामावर ज्यानं सही केली, त्यानं तुमचं घर पाहिलं होतं का? आजच विचारा.