भावाचा कोंबडा

माझ्या भाच्याला, किझ्झाला, बहिणीचं लग्न नको होतं. तोंडाने म्हणायचा, "आत्या, मुलगा लाखात एक आहे." पण बबिर्ये गेली की ह्याचे शर्ट कोण धुणार आणि केळी पानांत बांधून वाफवायला कोण बसणार? मी आत्या आहे त्याची, मला त्याच्या पोटातलं सगळं कळतं.

नवरदेव माकुंबीकडची माणसं भेटी घेऊन आली. दोन्हीकडचे वक्ते दुपारपासून एकमेकांना टोमणे मारत बसले. त्यासाठीच तर त्यांना बोलावतात. साखर, मीठ, बायकांसाठी गोमेसी झगे, बैल, सगळं देऊन झालं. राहिला होता फक्त भावाचा कोंबडा. तो नवरदेवाने मुलीच्या भावाला द्यायचा. भावापर्यंत तो पोचला नाही, तर मुलगी काही सासरी जात नाही.

दिवेलागणीला स्वयंपाकाच्या झोपडीमागे कोंबडा एकदाच ओरडला. धावत गेलो, तर टोपली आडवी, पिसं चहूकडे, आणि काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं झोपडीत शिरताना दिसलं. किझ्झाने दार ओढून घेतलं आणि अंगणात येऊन गरजला, "फुम्बे आहे! ह्या डोळ्यांनी पाहिला!"

माकुंबीकडच्यांचे चेहरे पडले. ते फुम्बे कुळाचे, आम्ही कासिम्बा कुळाचे; दोन्ही मांजरासारखी, ठिपक्यांची रानजनावरं. ज्या जनावराचं कुळ, ते जनावर घरचंच. त्याला मारायचं नाही, खायचं नाही.

"दिलेली भेट तुमच्याच नातलगाने गिळली," किझ्झा म्हणाला. "शकुन काही बरा नाही. लग्नाचं पुढच्या वर्षी बघू."

बबिर्ये चटईवर गुडघे टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण झोपडीत शिरणारं शेपूट मीही पाहिलं होतं.

"बाळा," मी आवाजाला मध लावला, "नीट बघितलंस ना? पाठीवर ताठ केसांची आयाळ होती?"

"होती!"

"डोळ्यांभोवती काळा पट्टा? कुत्र्यासारखी नखं, कायम बाहेर?"

"आत्या, मी काय आंधळा आहे?"

"छे रे, तू कसला आंधळा! म्हणजे ज्याच्या कुळाच्या जनावराने खाल्ला, त्या घरानेच खाल्ला म्हणायचं?"

"हे शेंबड्या पोरालाही कळेल!" किझ्झा वडीलधाऱ्यांकडे वळला. "ज्याच्या कुळाचं जनावर, कोंबडा त्याच्याच पोटात. हा माझा शब्द!"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"मग पाहुण्यांच्या नातलगाला कोंडून कशाला ठेवायचं?" असं म्हणत मी दार उघडलं.

सडपातळ, बुटक्या पायांचं जनावर बाहेर आलं आणि सरसर फणसावर चढलं. फुम्बे अंगाने जाडजूड, तो असा चढेल कुठला! झाडाला घट्ट धरणारी नखंच त्याच्याकडे नसतात. कोणीतरी कंदील उंच धरला. वर बसून स्वारी पंजा चाटत होती, आणि अंगाएवढी लांब, काळ्या कड्याकड्यांची शेपटी खाली लोंबत होती.

पाहुण्यांच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आत्या," किझ्झा पुटपुटला, "हा तर कासिम्बा. आपला."

माकुंबीकडचा वक्ता असली संधी सोडतोय होय! तो उठला, अंगावरचा पायघोळ कांझू सारखा केला आणि म्हणाला, "मंडळी, आम्ही कोंबडा आणला. मुलीच्या भावाने तो आवडीने खाल्ला. इतक्या आवडीने, की शिजवायलाही थांबला नाही. आणखी काही राहिलंय का?"

किझ्झाने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हातारे फणसाकडे बघत बसले.

बबिर्येने डोळे पुसले. कुणी सांगायची वाट न बघता ती उठली, भावासमोर जाऊन उभी राहिली.

"पोट भरलं ना रे तुझं?" ती म्हणाली. "मग निघते मी."