मिस्त्रींची चूक

संचालकबाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या. स्फोटाची लाट धातूतून कशी धावते, या एका प्रश्नावर त्यांनी उमेदीची बारा वर्षं घालवली. मग सरकारी संरक्षण प्रयोगशाळेत एकेक पायरी चढत त्या मोठ्या खुर्चीपर्यंत पोचल्या. हातातली उपकरणं सुटली, फायली आल्या. पहिल्या दिवसापासून सोबत होते ते मिस्त्री. शिक्षण बेताचं, पण हात असा सरळ की त्यांनी जोडलेली वायर बाई दुसऱ्यांदा तपासत नसत.

त्या हिवाळ्यात मिस्त्री केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, बॉम्बचा नवा फ्यूज गारठ्यात दगा देतोय. दहातले दोन वेळेआधीच उडतात. चाचणी पुढे ढकला."

बाईंनी लगेच संरक्षण खात्याच्या सचिवांना फोन लावला.

"मंत्री गुरुवारी येताहेत," सचिव म्हणाले. "त्यांच्या सल्लागारपदासाठी तुमचंच नाव वर गेलंय. आता ऐन वेळी घोडं अडवू नका."

बाईंनी परवानगीवर सही केली. मिस्त्रींना म्हणाल्या, "जपून करा."

"जपूनच करतो हो," ते म्हणाले, "पण फ्यूजला कोण सांगणार?"

गुरुवारी मंत्र्यांची गाडी फाटकातून आत यायच्या आधीच, मिस्त्री बसवत असताना फ्यूज उडाला. ते जागच्या जागी गेले.

चौकशी आठ दिवसांत आटोपली. निष्कर्ष निघाला, कामगाराने जोडणी उलटी केली. मेलेला माणूस काही जबाब द्यायला येत नाही.

सचिवांनी अहवाल पुढे सरकवला. "फ्यूज सदोष लिहिलं, की परवानगी कुणाची, हा प्रश्न येणारच."

बाईंनी तिथेही सही केली आणि महिन्याभरात त्या सल्लागार झाल्या. अभिनंदनाचे फोन थांबेनात. त्यांना मात्र अन्न गोड लागेना. अखेर त्यांनी सगळं खरं लिहून चार पानी पत्र मंत्र्यांना पाठवलं. दुसऱ्याच दिवशी त्यावर 'अतिगोपनीय' शिक्का बसला आणि पत्र कपाटात गेलं.

मग त्या मिस्त्रींच्या घरी गेल्या. दोन खोल्या, दारामागे त्यांचा डबा ठेवायची पिशवी अजून खुंटीला. मिस्त्रींच्या बायकोने खुर्ची पुढे केली. बाई उभ्याच राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

तिने खुर्ची परत भिंतीला लावली. मग म्हणाली, "माझी मुलगी शाळेतून रडत येते. बापाने स्वतःच्या चुकीने जीव घालवला, असं म्हणतात तिला. हे तुम्ही चारचौघांत सांगाल?"

"ते सगळं आता गोपनीय आहे. चारचौघांत सांगितलं तर मला तुरुंगात टाकतील."

"मग मला कशाला सांगितलंत?"

बाईंनी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"तुमच्या मनावरचं ओझं उतरलं," ती म्हणाली, "आता ते मी वाहायचं. या तुम्ही."

बाई पायऱ्या उतरल्या. मोटारीचं दार उघडून ड्रायव्हर उभा होता. दुपारी तीनला बैठक होती. त्या बैठकीला गेल्या.