लाल काटा

चुनीलाल मुंबई-लंडन विमानावर वाट आखणारा नॅव्हिगेटर होता. १९६१ साली त्याने नवं घड्याळ घेतलं आणि जुनं शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरी गावात बायकोला, सरलाबाईला दिलं.

"हाऊ लाल काटा कसाना शे?" तिने विचारलं.

"तो दिवसभरात एकच फेरा मारतो. पाच-सहा वर्षांमागे लांब पल्ल्याची विमानं वाढली, वैमानिक एका रात्रीत मुलूख ओलांडू लागले, तेव्हा अशी घड्याळं निघाली. कडेची चोवीस आकड्यांची चकती फिरव, लाल काटा लंडनजवळच्या ग्रीनविचची वेळ दाखवतो. आम्हा विमानवाल्यांचं सगळं तिच्यावर चालतं. आपण साडेपाच तास पुढे. तो अर्धा तास विसरू नकोस."

तो कामावर परतल्यावर सरलाबाई कापूस वेचतानाही घड्याळ घालू लागली. सासू जमनाबाई चिडल्या. "बाईना हातवर घड्याय? लोके हासतीन!"

"हासू द्या." तिने ते उतरवलं नाही. ती ग्रीनविचची वेळ मोजून पाहायची, त्या अर्ध्या तासाने रोज घोळ व्हायचा. महिन्याभरात तो थांबला.

एका बुधवारी दुपारी पंचायतीच्या रेडिओवर बातमी आली: मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाशी ग्रीनविच वेळेनुसार दोन वाजता डोंगरांवर संपर्क तुटला. चुनीलालचं विमान बुधवारचंच. जमनाबाईंनी हंबरडा फोडला. बाया जमल्या.

सरलाबाईने घड्याळ पाहिलं. इथे अडीच, लाल काटा नऊवर. म्हणजे दोन वाजून सात तास झाले. तेव्हा इथे सकाळचे साडेसात. चुनीलालचं विमान इथल्या वेळेने सकाळी नऊला सुटतं. तिने पुन्हा मोजलं.

"रडू नका. ते इमान पडनं तवय यास्नं इमान उडेलच नव्हतं."

"तुले घड्यायवर भरोसा शे?" कुणीतरी म्हणालं.

"शे. तरी इचारी येस."

दीर नथ्थूने बैलगाडी जुंपली. शहाद्याच्या पोस्टात ट्रंक कॉल लागायला संध्याकाळ झाली. तोवर ती बाकावर टेकलीसुद्धा नाही.

"चुनीलाल पाटील? बैरुतला सुखरूप उतरले," विमान कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून आवाज आला.

आता कुठे ती बाकावर टेकली. तिने रिसीव्हर सोडला नाही.

"आणि त्या दुसऱ्या विमानातली माणसं? त्यांच्या घरी कुणी कळवलं का?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "कळवतोय, बाई. एकेकाला कळवतोय."