मन रिकामं

खापरातला एकेक गरम दाणा उचलायचा, दगडावर ठेवायचा आणि दुसऱ्या दगडानं हाणून चापट करायचा. मक्याचे पोहे म्हणजे सगळा मनगटाचा खेळ. पण आज अगाताचं मनगट चालूच राहिलं आणि खापर केव्हाच रिकामं झालं. दगड दगडावर आपटत राहिला.

"आगं, दगडाला काय मारतीस?" सासू थेक्ला दारातून म्हणाली. "त्यानं काय केलंय?"

दगडानं काहीच केलं नव्हतं. घराण्याची नाव रोज पहाटे देवमाशामागं जायची आणि दुपारी होती तशी हलकी परत यायची. जमीन म्हणाल तर काळा कातळ, वर मिठाचा थर. मिरचीचं रोपसुद्धा तिथं मान टाकतं. देवमाशाचं सुकं मांस डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा आणि तिथल्या बायांकडून बदल्यात मका आणायचा, हीच या गावाची शेती. गेल्या बाजारी तर एका डोंगरवालीनं अगाताच्या टोपलीत डोकावून विचारलं होतं, आज काय आणलंस, वारा?

नाव रिकामी आली, की इथं समुद्राला कुणी बोल लावत नाही. कुणाच्या तरी मनात अढी आहे असं धरतात आणि ती शोधतात. संध्याकाळी सगळं घराणं नाव ठेवायच्या छपराखाली बसतं, करवंटीतून आशीर्वादाचं पाणी फिरतं. एक घोट घ्यायचा, क्रूसाकडं बघायचं आणि म्हणायचं, मन रिकामं. एवढंच.

त्या संध्याकाळी करवंटी फिरली. प्रार्थना सांगणारे दोमी बापा मधोमध बसले होते. अगाताचा दीर गास्पार सगळ्यांत आधी प्यायला आणि गाणं म्हणावं तसं खणखणीत म्हणाला, मन रिकामं. करवंटी अगाताच्या हातात आली आणि तिथंच थांबली.

तिचा नवरा सिप्री या नावेचा भालेवाला होता. मागल्या साली भाला लागलेल्या देवमाशानं बुडी मारली, भाल्याचा दोर सिप्रीच्या पायात अडकला आणि तो खाली गेला तो गेलाच. दोराचं वेटोळं नीट लावायचं काम गास्पारचं. पण वाळूला पाय लागताच गास्पारनं सांगून टाकलं, दादा बायकोशी भांडून आला होता. गावानं माना डोलावल्या. भांडून निघालेल्याला समुद्र सोडत नाही, हे इथं तान्ह्या पोरालाही माहीत. आणि सिप्री तर त्या पहाटे तोंडात केळं कोंबून, लेकीची, लुसियाची, वेणी ओढून, हसत हसत गेला होता!

"बापा, म्या पीत न्हाय," अगाता म्हणाली. "माज्या मनात हाय."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"दीर खोटं बोलला. सिप्री भांडून न्हवता गेला. त्यानं खरं सांगू दे, म्या आत्ता पिते. पर मनात ठिवून येशूम्होरं रिकामं म्हनले, तर म्या बी खोटीच."

गास्पार नखं बघत बसला. मागून एक चुलत जाऊ बोलली, "पोरीच्या पोटापरीस तुजं खरं मोठं का गं?"

ते बरोबर बरगडीत लागलं. लुसिया समोरच बसली होती, गुडघे पोटाशी धरून.

"मोठं न्हाय," अगाता हळूच म्हणाली. "पर माज्याकडं दुसरं काय उरलंय?"

दोमी बापांनी तिला समजावलं, दटावलं, पण करवंटी तिथंच राहिली. मग थेक्ला उठली. सुनेच्या हातातली करवंटी काढून घेऊन ती गटागटा प्यायली. "हिच्या वाटचं म्या म्हनते. मन रिकामं." बुडालेला सिप्री तिचाच तर लेक. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कड्यावरून आरोळी आली. नाव देवमासा ओढत आणत होती.

गाव वाळूवर लोटलं. म्हातारीच्या एका शब्दानं समुद्र उघडला, असं जो तो म्हणू लागला. अगाताला कुणी शिवी दिली नाही. वाटेत काटेरी झुडूप असावं तसे लोक तिला वळसा घालून जात होते. वाटा मात्र घरी आला. लुसियानं हनुवटीवरून तेल ओघळेतो खाल्लं. अगातानं तिला अडवलं नाही. स्वतः मात्र घासाला हात लावला नाही. आपण न बोललेल्या शब्दाचं मांस ते. तिनं कुदळ उचलली आणि मक्याच्या बदल्यात कुणाच्या तरी रानात खणायला मिळेल म्हणून डोंगराची वाट धरली.

वळणावर गास्पार उभा होता. तेलानं माखलेला, डोळे तांबारलेले.

"वैनी," तो म्हणाला आणि अडखळला. "येटोळं म्या नीट लावलं न्हवतं. घाई केली. दादा हसतच आला हुता नावंवर."

अगाता जागीच थांबली. वर्षभर ती एवढंच मागत होती, रोज, गुडघे टेकून.

"मग चल खाली. हेच सगळ्यांम्होरं म्हन."

गास्पारनं खाली पाहिलं. बायका गात गात बांबूवर मांस टांगत होत्या.

"आता कसं म्हनू, वैनी?" तो म्हणाला. "आता तर नाव भरून आलीया."

अगातानं बांबूवरच्या मांसाकडं एकदा पाहिलं. मग कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि उपाशीपोटी चढ चढू लागली.