पाणघोड्याची मेथी

पाटी : प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत.

अंबूबाईंनी कठड्यावरून अर्धं अंग पुढे टाकलं, तशी उज्वलाने मागून सासूचा पदर धरला.

"सोड. पडत नाय मी. नवा डोळा केलाय, बघू दे की."

मोतीबिंदू काढल्यावर काय करू नका ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. काय बघायचं ते अंबूबाईंनी स्वतः ठरवलं. पाणघोडा. म्हणून गोरक्षने आई आणि बायको, दोघींना पहाटे मखमलाबादच्या मळ्यातून उठवून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला, राणीच्या बागेत आणलं होतं. पाणघोडा मात्र दोन कान आणि दोन नाकपुड्यांपुरताच वर होता.

"एवढाच?"

"बाकीचा पाण्यात हाय, आई."

"मग आपल्या म्हशीनं काय वाईट केलं होतं?"

उज्वला हसली नाही. कालपासूनच ती हसली नव्हती. जुड्या बांधणारीने सावलीत बसायचं, बाकीच्यांनी तिच्या हाताला मेथी पुरवायची, हा मळ्याचा रिवाज. ऑपरेशननंतर महिनाभर अंबूबाईंची ती जागा उज्वलाकडे होती. परवा व्यापाऱ्याचा निरोप आला : जुड्या सैल वाटतात. काल घाईत दोघींनी मिळून जुड्या बांधल्या, ट्रक भरला आणि हात धुताना अंबूबाई म्हणाल्या होत्या, "उद्या मुंबई करून येऊ. परवापासून बांधायचं माझ्याकडं. तू भाजी धुवत जा."

पाटी : पाणघोडा. आहार : गवत, पालेभाज्या, गाजर.

खाकी कपड्यातला एक माणूस हातगाडीभर भाजी घेऊन कठड्याच्या आतल्या बाजूला बसला. एकेक जुडी सोडून मेथी टोपलीत टाकू लागला. अंबूबाईंनी डोळे बारीक केले.

"गोरक्ष, ते माझं लुगडं हाय."

गोरक्षने आधी तळ्यात पाहिलं. "कुणी नेसलंय?"

"त्या चिंध्या बघ. जुड्या बांधायला फाडलेलं, हिरवं, पिवळ्या ठिपक्यांचं. आपली मेथी हाय ती." त्या आणखी पुढे वाकल्या. "माणसांनी खावी म्हणून पिकवली मी."

"पाणघोडा कुठं तक्रार करतोय?"

खाकी माणसाने वर पाहिलं. "काय मावशी, ओळखीची भाजी?" त्याने एक जुडी उचलली, नखांनी गाठ चाचपली आणि शेवटी विळ्याने कापली. "चिंधी पोटात गेली तर याच्या जिवावर बेतेल, म्हणून सगळ्या सोडाव्या लागतात. ही बांधणारी बघा. मेथीशी जन्माचं वैर असल्यासारखी निरगाठ मारते."

मग दुसरी जुडी. चिंधीचं टोक ओढलं, मेथी मोकळी.

"आणि ही. महिनाभर सगळ्या अशाच येत होत्या. सुरगाठ. नाशिकहून इथवर आली, वाटेत एक सुटली नाही. भेटली तर चहा पाजेन तिला."

उज्वला बांगड्या मागेपुढे करू लागली. तेवढ्यात पाणघोडा अख्खा बाहेर आला. पाणी निथळत भिंतीसारखा उभा राहिला, जबडा उघडला. पोरं ओरडली. अंबूबाई चिंध्यांकडेच बघत होत्या.

"निरगाठवाली मी," त्या म्हणाल्या.

माणसाने जीभ चावली. "आणि दुसरी, मावशी?"

"तिला चहा चालत नाय. उसाचा रस पाज."

पाटी : विनाकारण साखळी ओढल्यास दंड होईल.

कसारा मागे पडलं. गोरक्ष खिडकीला डोकं टेकून घोरत होता. अंबूबाईंनी कमरेची पिशवी मांडीवर उलटी केली. त्या माणसाकडून मागून आणलेल्या चिंध्या : काही कापलेले तुकडे, काही अख्ख्या, लांबसडक. तुकडे त्यांनी परत पिशवीत टाकले. एक लांब चिंधी सुनेपुढे धरली.

"दाव."

"कशावर, आत्याबाई?"

अंबूबाईंनी झोपलेल्या लेकाचा हात उचलून मध्ये ठेवला. उज्वलाने मनगटाभोवती चिंधी फिरवली, गाठ मारली. अंबूबाईंनी टोक ओढलं. सुटली.

"परत. सावकाश."

परत बांधली. परत सुटली. तिसऱ्यांदा अंबूबाईंनी स्वतः बांधली, जिभेचं टोक बाहेर काढून. ओढली. गाठ आवळली. पुन्हा ओढली, आणखी आवळली.

गोरक्ष दचकून जागा झाला. "काय चाललंय?"

"गप बस. मेथी बोलत नाय," अंबूबाई म्हणाल्या, आणि त्याचं मनगट सुनेच्या पुढ्यात सरकवलं.